आई-वडिलांचे पोर्ट्रेट कोणाकडून काढून घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नोकरीनिमित्त पुण्यात असतात आणि आई-वडील औसा तालुक्यातल्या गावी राहतात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक असून त्यांचे वय ७६ आहे. आई ७१ वर्षांच्या आहेत. येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यानिमित्त दोघांचे एक नीट पोर्ट्रेट काढून बैठकीत लावावे अशी मुलांची इच्छा आहे. समोर तिघे आहेत: लग्नाची कामे घेणारी लातूरची एक मोठी फर्म, इन्स्टाग्रामवर नाव झालेला एक तरुण, आणि तालुक्याच्या गावातला पासपोर्ट फोटोसाठी ओळखला जाणारा जुना स्टुडिओ. तिघांच्या दरांत बरीच तफावत आहे. वडील कॅमेरा दिसताच काठीसारखे ताठ होतात, आणि आईंचे म्हणणे असे की, या वयात आता कशाला फोटो. अशा वेळी कोणाला काम द्यावे आणि काय पाहून द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी परभणीत ३१ वर्षांपासून स्टुडिओ चालवतो. एका रोलवर बाराच फोटो निघणाऱ्या कॅमेऱ्यापासून सुरुवात केली, त्यानंतर इतरांप्रमाणेच पोटासाठी शेकडो लग्ने केली. परंतु एका माणसाला समोर बसवून त्याचा फोटो काढण्याचे काम मी कधी सोडले नाही. त्या अनुभवावर सांगतो की, मोठी फर्म, नवा मुलगा किंवा जुना स्टुडिओ या पाट्यांवरून आपला निर्णय होणार नाही. आपल्या आई-वडिलांसारखी माणसे या फोटोग्राफरने पूर्वी टिपली आहेत का, आणि त्याच्या फोटोत ती माणसे तीच राहिली आहेत का, एवढेच आपल्याला शोधून काढायचे आहे. बाकीच्या सर्व चौकश्या याच एका चौकशीच्या पोटात येतात.

पहिली गोष्ट अशी की, निवडक फोटोंवर जाऊ नये. मोबाइलवर दाखवले जाणारे वीस-पंचवीस फोटो हे वर्षभरातल्या हजारो फोटोंमधून वेचलेले असतात, आणि वर्षभरात वीस चांगले फोटो कोणाच्याही हातून निघतात, माझ्या मदतनिसाच्या हातूनही निघतात. त्याऐवजी कोणत्याही एका बैठकीचे, म्हणजे एकाच माणसाचे एकाच दिवशी काढलेले सर्व तयार फोटो पाहायला मागावेत, आणि ते मोबाइलवर न पाहता दुकानातल्या संगणकावर किंवा त्याहून उत्तम म्हणजे छापील स्वरूपात पाहावेत. तीस फोटोंपैकी सहा-सात मन धरून ठेवणारे असतील आणि उरलेले निदान स्वच्छ असतील, तर तो माणूस आपल्या कामावर हुकमत असलेला आहे असे समजावे. एकच फोटो अप्रतिम असेल आणि बाकीच्यांत डोळे मिटलेले, मान वाकडी, मागे पंख्याचे पाते डोक्यातून उगवलेले असा प्रकार असेल, तर तो अप्रतिम फोटो त्याला सापडलेला आहे, त्याने काढलेला नाही. अशी पूर्ण बैठक दाखवायला जो खळखळ करतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. एखादा फोटोग्राफर मात्र गिऱ्हाइकाच्या घरातल्या माणसांचे फोटो परक्याला दाखवू नयेत म्हणून नकार देतो. त्याने तसे स्पष्ट सांगितले, तर तो नकार त्याच्या बाजूनेच मोजावा.

लग्नाचे उत्तम काम करणारा पोर्ट्रेटही उत्तमच काढेल हे गृहीत धरू नये. हौशी मंडळींना हे पटत नाही, परंतु ही दोन कामे वेगळी आहेत. लग्नात प्रसंग स्वतःहून घडत असतो. अक्षता पडतात, मुलीला निरोप देताना आई रडते, वऱ्हाडी नाचतात, आणि फोटोग्राफरने योग्य जागी योग्य क्षणी उभे असावे एवढेच लागते. पोर्ट्रेटमध्ये काहीही घडत नसते. समोर एक अवघडलेला माणूस बसलेला असतो आणि त्या पाऊण तासात जे काही घडायचे ते फोटोग्राफरच्या बोलण्यातून आणि उजेडाच्या मांडणीतून घडवावे लागते. ड्रोन, फोटो काढणारी पाच जणांची तुकडी आणि रात्रीची रोषणाई यांचा येथे काडीचाही उपयोग नाही.

आता फोटो हाती आले की त्यांत काय पाहायचे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निवड चुकते ती बहुधा येथेच.

सर्वप्रथम म्हाताऱ्या माणसांचे फोटो शोधावेत. तरुण मुलीचा फोटो चांगला आला यात फोटोग्राफरचे कर्तृत्व कमी आणि वयाचे अधिक असते. सत्तरीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या असतात, डोळे आत गेलेले असतात, त्वचा उन्हाने रापलेली असते, आणि आपल्या मराठवाड्यात जन्मभर शेतात किंवा शेताशेजारी वावरलेल्या माणसाचा वर्ण सहसा सावळा असतो. त्यावर पांढरे धोतर, पांढरा नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी आली की कॅमेऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. कॅमेऱ्याचे उजेड मोजण्याचे यंत्र समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाची धरते. चौकटीत पांढरे कापड जास्त असले की ते उजेड कमी करते, आणि आधीच सावळा असलेला चेहरा काळवंडून जातो. अननुभवी माणूस मग संगणकावर चेहरा उजळतो, त्यासरशी टोपी चुन्यासारखी पांढरीफटक होऊन तिच्या घड्या नाहीशा होतात. जाणकार फोटोग्राफर चेहऱ्यावर माप घेतो, उजेड एका बाजूने आणि मवाळ ठेवतो, आणि त्याच्या फोटोत टोपीची शिवण व गालाची सुरकुती दोन्ही दिसतात. म्हणून टोपीवाल्या आजोबांचा फोटो मागून घ्या आणि टोपीची शिवण शोधा. पाच सेकंदांत होणारी ही परीक्षा पुष्कळ काही सांगून जाते.

त्यानंतर डोळे पाहावेत. बुबुळात उजेडाचा एक छोटा ठिपका दिसतो, तो असला की डोळा जिवंत वाटतो. खिडकीचा उजेड असेल तर तो ठिपका चौकोनी, दिव्याला छत्री लावली असेल तर गोलसर दिसतो. डोळ्यांत चार-चार ठिपके असले, तर चारही बाजूंनी दिवे लावून चेहऱ्याचा सपाट पापड केला आहे असे समजावे. चष्म्याचेही तसेच आहे. वडिलांना चष्मा असणारच. काचेवर दिव्याची पांढरी झाक येऊन डोळा झाकला गेला असेल, तर काढणाऱ्याने दिवा वर किंवा बाजूला सरकवण्याचे, अथवा चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलून काचा जमिनीकडे झुकवण्याचे साधे कष्टही घेतलेले नाहीत. चष्मा काढून ठेवायला सांगणारे मला अधिकच खटकतात. ज्या गुरुजींना गावाने ४० वर्षे चष्म्यात पाहिले, त्यांच्या नाकावर चष्म्याचे नुसते वळ दिसावेत, हे काही बरे नव्हे.

आता रिटचविषयी, म्हणजे फोटोतले डाग-वण पुसण्याविषयी. येथे मला माझीच चूक सांगावी लागेल. धंद्यात पडून चार-पाच वर्षे झाली असतील तेव्हाची गोष्ट. गंगाखेडकडच्या एका गावातून एक वृद्ध गृहस्थ फोटो काढायला आले होते. त्यांच्या दोन्ही गालांवर देवीचे दाट वण होते. तेव्हा निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून डाग भरण्याची पद्धत होती, आणि तो हात माझा चांगला बसलेला असल्यामुळे मी दोन संध्याकाळी बसून एकूण एक वण भरून काढला. मोठी प्रत केली, काचेच्या फ्रेममध्ये घातली. ती न्यायला ते आलेच नाहीत. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा आणि पत्नी आली, तेव्हा ते गेल्याचे कळले. त्या माउलीने फ्रेम मांडीवर घेतली, पदराने काच पुसली, अंगठा गालावरून फिरवला आणि मुलाला म्हणाल्या, "हे आमचे मालक न्हाईत रे. ह्यांचे वण कुटं गेले?" मुलगा ओशाळला, मला म्हणाला, काका, राहू द्या, तिचे मन ठिकाणावर नाही. पण चूक त्यांची नव्हती. त्या बैठकीची दुसरी निगेटिव्ह सुदैवाने मी न खोडता ठेवली होती. तिची प्रत करून दिली, तेव्हा त्यांनी ती छातीशी धरली.

हल्ली पेन्सिल गेली आणि तिचे काम संगणक एका बटणावर करतो, त्यामुळे हा धोका कमी न होता वाढला आहे. आपल्या आईंच्या वयाच्या अनेक स्त्रियांच्या कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण असते. त्वचा गुळगुळीत करणाऱ्या प्रोग्रॅमला गोंदण आणि डाग यांतला फरक कळत नाही. तो हिरवट ठिपका दिसला की पुसून टाकतो. फोटोग्राफरच्या संग्रहात आज्यांचे फोटो पाहताना त्यांची गोंदणे जागेवर आहेत का, हे अवश्य पाहावे. तीन-चार आज्यांपैकी एकीचेही गोंदण दिसत नसेल, तर ते मुळात नव्हते असे होण्यापेक्षा पुसले गेले असण्याची शक्यता जास्त आहे. आणि विचारूनच टाकावे. "गोंदण ठेवता ना?" या प्रश्नावर जो हसून "म्हणजे काय, ते कसे काढायचे?" असे म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जावे. "पाहिजे तर ठेवू" म्हणणाऱ्याकडे जाताना थोडा विचार करावा.

गोरे करण्याची आपल्याकडे जी खोड आहे तिला केवळ फोटोग्राफर जबाबदार नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. "जरा उजळ करा हं" असे आम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते, आणि स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलींच्या आया तर त्याशिवाय पैसेच देत नाहीत. त्यामुळे अनेकांच्या यंत्रात ते माप कायमचेच लावून ठेवलेले असते. आपल्याला तसे नको असेल, तर आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगावे लागेल. ज्या डागाला पुढच्या महिन्यात स्वतःहून जायचे आहे, म्हणजे पुटकुळी, खरचटा, डास चावल्याची गांधी, तेवढे काढावे. जे आयुष्यभराचे आहे ते राहू द्यावे. माझ्या स्टुडिओत आता हाच नियम आहे.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या कंपनीविषयी आपण फार चौकशी करू नये असे माझे मत आहे. गिऱ्हाइकाने तसे विचारले की फोटोग्राफर फुशारकी मारायला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. एवढे मात्र जरूर विचारावे की, चेहऱ्याचा फोटो काढताना आपण किती लांब उभे राहता. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण पाच इंचांचे अंतर असते. दोन फुटांवरून फोटो काढला, तर नाक कानाच्या मानाने सुमारे एक पंचमांश मोठे उमटते, आणि आठ फुटांवरून काढला तर हा फरक जेमतेम विसाव्या भागावर येतो. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत आपले नाक आपल्यालाच परके वाटते त्याचे कारण हेच. म्हणून पोर्ट्रेट काढणारे सहा-आठ फूट मागे सरकून ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरतात. आपली बैठकीची खोली दहा फुटांची असेल आणि फोटोग्राफर ती न पाहताच "काही अडचण नाही" म्हणत असेल, तर अडचण येणार आहे.

यावरूनच पुढचा मुद्दा येतो. ज्याला काम देण्याचा विचार असेल त्याला आधी एकदा घरी बोलवावे, कॅमेरा न घेता. लातूरहून औसा तालुक्यातले गाव काही फार लांब नाही. त्याच्या जाण्यायेण्याचे पैसे आपण द्यावेत आणि चहाला बसवावे. तो घरात शिरल्यावर कोठे पाहतो याकडे लक्ष ठेवा. जो ढेलजेत, म्हणजे दारातून आत आल्यावरच्या ओसरीत, उभा राहून दाराकडे, खिडकीकडे पाहतो, सकाळी ऊन कोठून येते असे विचारतो, माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, ठेवलेल्या झरोक्यातून जमिनीवर पडलेला उजेडाचा कवडसा पाहून थबकतो, त्याला काम समजते. जो भिंतीचा रंग पाहून "येथे पडदा लावून टाकू" म्हणतो, त्याला पडदाच समजतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो वडिलांशी बोलतो की आपल्याशी. पैसे आपण देणार, म्हणून सर्व बोलणे मुलाशीच करायचे आणि म्हाताऱ्या माणसांना वस्तूसारखे उचलून खुर्चीत बसवायचे, ही रीत मी पुष्कळ पाहिली आहे. अशा बैठकीत आपले वडील ताठच राहतील.

त्यांच्या ताठ होण्याविषयी थोडे सांगतो, कारण तो दोष त्यांचा नाही. त्यांच्या पिढीने फोटो काढला तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तोही स्टुडिओत, आणि तेथे आमच्यासारख्यांनी त्यांना दरडावून सांगितले की हलू नका, हसू नका, इकडे पाहा. ती शिस्त अंगात मुरलेली आहे. "रिलॅक्स व्हा" असे म्हटल्याने ती जात नाही. हातांना काम दिले की जाते. मागे एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोटो काढायचा होता. अर्धा तास झाला तरी त्यांचे खांदे खाली येईनात. शेवटी मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि विचारले, गुरुजी, पहिली नेमणूक कोठे होती? जिंतूर तालुक्यातल्या एका वस्तीवर होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की शाळेत जायचे कसे, हे सांगता सांगता त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत उचलून दाखवला, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "आन् डबा आमच्याच डोक्यावर." दोघे एकमेकांकडे पाहून हसले. तेवढ्या दोन सेकंदांत तीन फोटो निघाले. त्या घरात आज जो फोटो आहे तो त्यातला दुसरा आहे, आणि त्यात अडकित्ता व अर्धी कातरलेली सुपारी दोन्ही आहेत. आपण ज्याला निवडाल त्याच्यापाशी अशी वाट पाहण्याची तयारी हवी. म्हणून विचारा, की एका बैठकीला किती वेळ देता. वीस मिनिटे म्हणणारा पासपोर्ट काढून जाईल. दोन तास म्हणणाऱ्याकडून आशा ठेवायला हरकत नाही.

आईंच्या संकोचाचा प्रश्न वेगळा आहे. पदर सावरणे, केस मागे घेणे, निऱ्या नीट करणे यासाठी फोटोग्राफरसोबत एखादी मदतनीस बाई असेल तर उत्तम. नसेल तर घरातल्या सुनेने किंवा लेकीने तेथे थांबावे आणि बाकीच्यांना बाहेर काढावे, विशेषतः मोबाइल घेऊन मागे उभ्या राहणाऱ्या नातवंडांना. ही सोय काही आजची नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडला होता, आणि तेथे काम पाहायला बाईच नेमली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांना जे सुचले ते आज जिल्ह्याच्या ठिकाणीही अनेकांना सुचत नाही.

जागा आणि वेळ. अनेक जण हल्ली बीबी का मकबरा, दौलताबाद किंवा नळदुर्गचा किल्ला सुचवतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत स्टँड लावून फोटो काढायचे तर आधी परवानगी काढावी लागते, ते एक झाले. परंतु मला त्यापेक्षा असे वाटते की ७६ वर्षांच्या माणसाला मेच्या उन्हात किल्ला चढवून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते दम लागणे असेल. घरीच काढा. आणि वेळ सकाळी साडेसहा ते आठची ठेवा. लातूर-औसा भागात १२-१३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते; अशा उजेडात कपाळ चमकते, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात आणि नाकाची सावली थेट ओठांपर्यंत उतरते. जो फोटोग्राफर मे महिन्यात सकाळी अकराची वेळ देतो, त्याने ती स्वतःच्या सोयीने दिली आहे. विजेचा भरवसा नसल्यामुळे दिवे बॅटरीवर चालणारे आहेत का, हेही विचारून ठेवावे.

व्यवहाराच्या गोष्टी एका कागदावर लिहून घ्याव्यात. ओळखीचा माणूस असला तरी घ्याव्यात, किंबहुना ओळखीचा असला तर नक्कीच घ्याव्यात. मोठ्या फर्मच्या बाबतीत पहिली ओळ ही असावी की कॅमेरा कोणाच्या हातात असेल. काम मालकाचे पाहून ठरवले जाते आणि त्या दिवशी येतो तो गेल्या महिन्यात कामाला लागलेला मुलगा. तयार फोटो किती, किती दिवसांत, छापील प्रती कोणत्या मापाच्या आणि किती, मूळ फाइली मिळणार की नाही, वडिलांची तब्येत बिघडली तर तारीख पुढे ढकलताना इसार बुडणार की वळता होणार, हेही त्यातच यावे. भिंतीसाठी १२ बाय १८ इंचांची प्रत करायची, तर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपक्यांची फाइल लागते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि त्यावरून ही प्रत नीट होत नाही. म्हणून फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि दुसरी नक्कल बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी.

एक कायदेशीर गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. त्यामुळे छापील फॉर्मवर सही करण्यापूर्वी मागची बारीक अक्षरे वाचावीत. बऱ्याच फॉर्मांत हा हक्क फोटोग्राफरकडे ठेवणारी ओळ असते. तशी ओळ असणे गैर नाही, पण आई-वडिलांचा फोटो उद्या एखाद्या फ्लेक्सवर किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी दिसलेला चालणार आहे का, हे त्या दोघांना विचारून आधीच लिहून टाकावे.

दराविषयी इतकेच म्हणेन की, तिघांचे आकडे शेजारी मांडण्याआधी त्यांत काय काय धरले आहे ते शेजारी मांडा. एकाच्या आकड्यात फ्रेम आणि दोन मोठ्या प्रती असतात, दुसऱ्याच्या आकड्यात फक्त येऊन जाणे असते. पैसे वाचवायचेच असतील तर अल्बम, व्हिडिओ आणि ड्रोन यांतून वाचवावेत. चांगल्या कागदावरची प्रत आणि फ्रेम यांत हात आखडता घेऊ नये, कारण भिंतीवर राहणार ते तेवढेच.

आपल्या तिघांविषयी, त्यांचे काम न पाहता, जेवढे सांगता येईल तेवढे सांगतो. माझा कल तालुक्यातल्या त्या जुन्या स्टुडिओकडे आहे. पासपोर्टवाला म्हणून त्याला आपण खाली धरले असावे. परंतु ज्याने २५-३० वर्षे रोज शेतकऱ्यांचे, गुरुजींचे, आज्यांचे चेहरे समोर बसवले, त्याला त्या चेहऱ्यांची आणि पांढऱ्या टोपीची भीती वाटत नाही, आणि वडिलांशी बोलायला विषय त्याला शोधावे लागत नाहीत. धोका एवढाच की सवयीने तो पडदा, समोरून दोन दिवे आणि गुडघ्यांवर हात अशी बैठक मांडेल. त्याला घरी बोलवून ढेलजेतला उजेड दाखवा. त्याचे डोळे चमकले तर काम त्यालाच द्या. त्याने "दुकानातच या" असा हेका धरला, तर त्या तरुणाकडे वळावे, मात्र त्याच्या संग्रहात साठीपुढची निदान पाच माणसे सापडली पाहिजेत आणि त्यांची त्वचा मेणासारखी झालेली नसावी. लातूरच्या फर्मचा विचार मी सर्वांत शेवटी करीन, आणि तोही मालक स्वतः यायला तयार असेल तरच.

निवड पक्की करण्यापूर्वी एक स्वस्त खात्री करून घेता येते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्या फोटोग्राफरकडून स्वतःचाच एक फोटो काढून घ्या. पासपोर्ट नको, साधा पोर्ट्रेट. अर्धा तास त्याच्यासमोर बसल्यावर आपल्याला अवघडल्यासारखे वाटले की नाही, हे कोणत्याही संग्रहापेक्षा आपल्या पाठीच्या कण्याला जास्त कळेल.

तारीख लग्नाच्या वाढदिवसाचीच हवी असा आग्रह धरू नका. मे महिना भर लग्नसराईचा असतो, आणि लग्नतिथीच्या दिवशी चांगला फोटोग्राफर आलाच तर त्याचा एक डोळा घड्याळाकडे असतो. पंचांगात लग्नाची तिथी नसलेला एप्रिलमधला एखादा दिवस निवडावा. म्हणजे प्रत तयार होऊन, फ्रेम होऊन, कार्यक्रमाच्या दिवशी भिंतीवर लागलेली असेल. त्या दिवशी आईंना कोरे लुगडे नेसवू नका. कोऱ्या कापडाची खळ गेलेली नसते, ते अंगावर पुठ्ठ्यासारखे उभे राहते आणि त्या दिवसभर तेच सावरत बसतील. दोन-चार वेळा धुतलेले, त्यांच्या आवडीचे असेल ते काढावे. वडिलांची दाढी आदल्या संध्याकाळी करून घ्यावी, सकाळी केली की गाल लाल दिसतात. चष्म्याच्या काचा मात्र फोटोग्राफर दारात आल्यावर पुसाव्यात.